विकतचे तारे, भाड्याची पत

मुंबईत दुकान, दवाखाना, क्लास किंवा खानावळ चालवणाऱ्याला एक फोन हमखास येतो. पलीकडचा माणूस अदबीनं सांगतो, "सर, तुमचा बिझनेस गुगलवर नीट दिसत नाही. तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणून देतो, गॅरंटी." मग व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येतं. दादरच्या एका ओळखीच्या केटररकडे आलेलं असंच एक दरपत्रक मी ओळ न् ओळ वाचलं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी तीन पॅकेजं. गोल्डमध्ये महिन्याला इतक्या बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक), इतके लेख आणि त्याच सुरात पुढच्या ओळीत 'फाइव्ह स्टार रिव्ह्यू, लोकल प्रोफाइलवरून'. म्हणजे तारे देणाऱ्यांची नावं इथलीच वाटावीत, याचीही सोय. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत: जीएसटी वेगळा.

त्या शेवटच्या ओळीपाशी मी अडखळलो. जे जेवण कुणी जेवलंच नाही त्याची तारीफ लिहून द्यायची आणि त्यावर १८ टक्के कर लावून रीतसर बिल फाडायचं! लपूनछपून करायचं काम इतक्या राजरोस छापील दरानं होतं, तेव्हा ते करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, हे उघड आहे.

माझं म्हणणं असं: पैसे मोजून मिळवलेली लिंक आणि पैसे मोजून लिहवून घेतलेला रिव्ह्यू या दोन्ही जाहिरातीच आहेत. जाहिरात म्हणून त्या ओळखू येत नसतील तर त्या फसव्या जाहिराती आहेत आणि फसव्या जाहिरातीचा कायदा त्यांना लागला पाहिजे. तो आधी विकणाऱ्या एजन्सीला लागावा, मग दाखवणाऱ्याला, म्हणजे गुगलसारख्या प्लॅटफॉर्मला. केटररचा नंबर सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो. एसईओ, म्हणजे शोधात आपली साइट वर आणण्याची खटपट, म्हटलं की नाक मुरडणारे बरेच असतात आणि ते अन्याय करतात. आपलं दुकान शोधणाऱ्याला सापडावं म्हणून केलेल्या खटपटीत गैर काहीच नाही. लागणारा फोन नंबर लिहिणं, सोमवारी बंद असेल तर तसं सांगणं, दुपारी एक ते चार शटर खाली असतं हे न लपवणं, पान मोबाइलवर झटकन उघडेल असं करणं, फोटो स्वतःच्या किचनचे टाकणं (नेटवरून उचललेल्या पनीर टिक्क्याचे नव्हेत) आणि गिऱ्हाईक ज्या शब्दांत शोधतं ते शब्द पानावर असणं, ही सगळी सचोटीची कामं आहेत. आमच्या या केटररच्या साइटवर पहिलंच वाक्य होतं, 'वी ऑफर बेस्पोक कलिनरी सोल्यूशन्स'. शोधणारी बाई टाइप करते 'डोहाळेजेवण ऑर्डर दादर' किंवा 'साखरपुडा ५० माणसं केटरर'. तिची आणि त्या पानाची गाठ पडणार कशी? त्यांच्याकडचं अळूचं फदफदं, मसालेभात, जिलबी-मठ्ठा यांचा साइटवर नावालाही उल्लेख नाही. मेनू आहे, तो एका चित्रात. चित्रातली अक्षरं यंत्र वाचेल की नाही यावर आपला धंदा टांगून ठेवायची काय गरज?

मराठीपुरतं हे दुखणं जुनं आहे. युनिकोड ही सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत रुळण्याआधी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकला जायचा. डोळ्यांना 'मुंबई' दिसायचं, पण आत साठवलेली असायची भलतीच इंग्रजी चिन्हं, आणि शोधयंत्राला दिसायची तीच. वर्तमानपत्रांच्या वेबवरल्या जुन्या मजकुराचा, संस्थांच्या अहवालांचा बराच भाग त्यामुळे असूनही नसल्यासारखा झाला. स्कॅन केलेल्या कागदांच्या पीडीएफ सरकारी साइटवर आजही भेटतात, त्यांचीही तीच गत. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. देवनागरीतलं '.भारत' हे डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं शेपूट, २०१४ मध्ये आलं, पण त्यावर चालणारं मुंबईतलं एखादं किराणा दुकान मला तरी अजून भेटलेलं नाही. दुकानांवरच्या मराठी पाट्यांचा कायदा २०२२ मध्ये कडक झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, मग महापालिकेनं कारवाई सुरू केली आणि पाट्या बदलल्या. नेटवरची पाटी मात्र इंग्रजीच राहिली, तिच्यावर कुणाचा मोर्चाही आला नाही. त्यासाठी मला कायदा नको आहे. मराठीत कामाचा मजकूर कमी, म्हणून स्पर्धाही कमी, एवढं धंदेवाल्याला उमगलं तरी पुरे. पहिल्या पानावर येण्याचा सगळ्यात स्वस्त रस्ता इथून जातो आणि दरपत्रकात नेमका तोच नसतो, कारण त्यात विकणाऱ्याला महिन्याचे महिन्याला पैसे नाहीत.

आता दरपत्रकात जे असतं त्याकडे वळू.

गुगलचा जन्म १९९८चा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी विद्वानांच्या रिवाजातून कल्पना उचलली. ज्या निबंधाचा हवाला इतर विद्वान जास्त देतात तो वजनदार. तसंच एका पानानं दुसऱ्या पानाला दिलेली लिंक म्हणजे मत, आणि देणाऱ्याचं वजन जितकं तितकं त्या मताचं वजन. कल्पना अफलातून होती. पण मताला किंमत आली की मत विकलं जातं, हे मुंबईकराला वेगळं शिकवायला नको.

तेव्हापासून गुगल या बाजारामागे धावतंय. 'या लिंकला मत मानू नका' अशी खूण २००५ मध्ये आली. २०११च्या 'पांडा' बदलानं घाऊक पाडलेल्या निकस लेखांना खाली ढकललं, २०१२च्या 'पेंग्विन'नं विकतच्या लिंकांना हात घातला. २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी 'प्रायोजित' अशी स्वतंत्र खूण दिली गेली. म्हणजे पैसे घेऊन लिंक द्यायला गुगलचीही ना नाही, फक्त तसं सांगा. आणि नेमकं तेवढंच कुणी सांगत नाही, कारण सांगितलं की तिची बाजारातली किंमत गेली.

अशी विकतची लिंक जिथे असते ते पान एकदा उघडून पाहाच. वर 'क्रिप्टोत पैसे कसे गुंतवाल', खाली 'केसगळतीवर सात उपाय', आणि मध्ये 'दादरमधले उत्तम केटरर'. लेखकाचं नाव 'अ‍ॅडमिन'. लेखात दादरचं वर्णन असं की लिहिणारा प्लाझापाशी कधी उभाही राहिलेला नाही. चौथ्या परिच्छेदात आमच्या केटररचं नाव निळ्या अक्षरांत. हे पान माणसानं वाचावं म्हणून लिहिलेलंच नाही, यंत्राची एक भेट झाली की त्याचं काम संपलं. दरपत्रकात शेजारी 'डीए ३०+' असा आकडा असतो. डीए म्हणजे साइटचं वजन, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे गुगलनंच मोजलेलं. तो आकडा मॉझ नावाच्या एका खासगी कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे आणि गुगल तो वापरत नाही. हे फोनवरचा माणूस सांगत नाही, कधीकधी त्यालाही ते माहीत नसतं.

याहून पुढचा प्रकार म्हणजे मेलेल्या साइटचं नाव विकत घेणं. एखादी संस्था डोमेनचे पैसे भरायला विसरते, नाव बाजारात येतं, आणि तिनं वर्षानुवर्षं कमावलेली पत कुणीतरी चार पैशांत उचलतो. मार्च २०२४ मध्ये गुगलनं या प्रकाराला नियमबाह्य ठरवलं, तेव्हा दिलेल्या उदाहरणांत एक होतं प्राथमिक शाळेच्या जुन्या पत्त्यावर थाटलेल्या कॅसिनोचं. त्याच वेळी नामांकित साइटनं आपल्या नावाखाली तिऱ्हाइताला जागा भाड्यानं देणं, हेही नियमात आलं. मोठ्या वृत्तसंस्थांच्या पत्त्यावर कुपनं, कर्जं आणि सट्ट्याची पानं का दिसायची, याचं उत्तर त्यात आहे. भाडं मिळत होतं.

शिक्षा सगळ्यांना सारखी बसते, असं मात्र समजू नका. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन साइटनं यंत्राला फसवण्यासाठी खास पानं बनवली होती. गुगलनं ती यादीतून काढली आणि थोड्याच दिवसांत परतही घेतली. एवढी मोठी कंपनी गुगलवर शोधून सापडलीच नाही, तर लोक गुगललाच हसतील. डोंबिवलीच्या एखाद्या क्लासची साइट घसरली तर कुणालाच फरक पडत नाही. क्लासवाल्यानं पैसे एजन्सीला दिले, पाप एजन्सीनं केलं, साइट बुडाली क्लासची, आणि एजन्सी तोवर दुसऱ्या नावानं दुसऱ्या क्लासला फोन लावत असते.

घराच्या बाबतीत हा खेळ सगळ्यात महागात पडतो. घोडबंदर रोडवरच्या किंवा मुलुंड-भांडुपकडच्या एखाद्या नव्या प्रकल्पाचं नाव टाकून शोधा. त्याच नावाच्या, जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या साइट समोर येतात. तोच टॉवरचा फोटो, तोच निळा तरणतलाव, तेच 'प्राइस ऑन रिक्वेस्ट', आणि वाचायला सुरुवात करता करता अंगावर येणारा फॉर्म: नाव, मोबाइल, बजेट. बिल्डरची खरी साइट त्यातच कुठेतरी असते. बाकीच्या ब्रोकरांच्या, ज्यांना हल्ली चॅनेल पार्टनर म्हणायचं. पान तळापर्यंत सरकवलं की राखाडी पट्टीवर राखाडी अक्षरांत कबुली सापडते की ही अधिकृत साइट नव्हे. तेवढ्या खाली जातो कोण? फॉर्म भरला की फोन सुरू होतात, आणि घर घेऊन झाल्यावरही ते थांबत नाहीत.

पण याच धंद्यात महाराष्ट्रानं एक काम फार चांगलं केलेलं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून घरांच्या जाहिरातीत महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही सक्तीचा झाला, आणि तो नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. कोड स्कॅन केला की प्रकल्पाचं महारेराच्या नोंदीतलं पान उघडतं. ताबा कधीचा कबूल केला आहे, मुदत वाढवून घेतली आहे का, मंजुऱ्या कुठवर आल्या, हे तिथं पाहता येतं. जाहिरात वाट्टेल ते म्हणो, पत तपासायची जागा जाहिरातदाराच्या हाताबाहेर ठेवलेली आहे. हे तत्त्व साधं आहे आणि ते घरांपुरतंच का थांबावं, हा माझा प्रश्न.

कारण ताऱ्यांच्या बाबतीत अशी जागाच उरलेली नाही. गुगलनं स्वतःच जाहीर केलेला आकडा आहे: २०२३ या एका वर्षात नकाशावरचे नियमबाह्य असे १७ कोटींहून अधिक रिव्ह्यू काढले किंवा अडवले, आणि धंद्यांची १ कोटी २० लाखांहून अधिक खोटी प्रोफाइल. हे पकडलेले. यावर प्लॅटफॉर्मवाले म्हणतात, बघा आम्ही किती काम करतो. मला त्यात कारखान्याचा आकार दिसतो.

त्या कारखान्यात राबतं कोण, तेही पाहू. 'घरबसल्या पार्टटाइम काम, हॉटेलला रेटिंग द्या, प्रत्येकी ५० रुपये' असा मेसेज मुंबईत क्वचितच कुणाला आला नसेल. सुरुवातीला पैसे खरंच जमा होतात. विरारहून चर्चगेटला जाणारी मुलगी लोकलमध्ये उभ्या उभ्या चार हॉटेलांना तारे देते आणि दोनशे रुपये कमावते. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात, 'प्रीपेड टास्क' देतात, आधी पाच हजार भरा, मग पन्नास, आणि एक दिवस ग्रुपच गायब. पोलीस याला टास्क फ्रॉड म्हणतात, तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. बातमीत मुलीचे गेलेले पैसे येतात. तिनं आधी दिलेल्या ताऱ्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. ते तारे ज्या त्या हॉटेलाच्या नावापुढे राहतात आणि पुढच्या माणसाला फसवतात. खोट्या साक्षीला इतका सहज भाव मिळतो म्हणूनच हे आमिष लोकांना खरं वाटतं. असं काही काम असूच शकत नाही, अशी सर्वांची खात्री असती तर पहिला मेसेजच हसण्यावारी गेला असता.

बँकेच्या किंवा कुरियरच्या कस्टमर केअरचा नंबर शोधून भामट्याला फोन लावणाऱ्यांची कहाणीही याच घरातली. शोधात वर दिसणं म्हणजे खरं असणं, ही आपली समजूत भामट्यांनी आपल्याआधी ओळखली.

डॉक्टरांच्या बाबतीत तर नियम चक्क लिहून झाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये व्यावसायिक वर्तनाची नवी नियमावली काढली. त्यात डॉक्टरांनी लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, शोधात आपलं नाव वर यावं म्हणून पैसे देऊ नयेत, चांगल्या रेटिंगसाठी पैसे घेणाऱ्या अ‍ॅपवर नोंदणी करू नये, असं स्पष्ट म्हटलं होतं. जेनेरिक औषधं लिहून देण्याच्या सक्तीवरून गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात संपूर्ण नियमावली स्थगित झाली. औषधांच्या भांडणात ताऱ्यांचा नियमही वाहून गेला, आणि त्याचं वाईट वाटल्याचं कुणी बोललं नाही. गुडघा बदलायचा की नाही हा निर्णय घेताना घरची मुलं आधी मोबाइलवर तारे पाहतात. मिसळीला मिळालेला खोटा तारा आणि शस्त्रक्रियेला मिळालेला खोटा तारा यांत फरक करायला आपल्याकडे सध्या काहीही साधन नाही.

कायदा अजिबातच नाही, असं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकच आणलं. लिहिणारा खरा आहे का हे कसं पडताळायचं, रिव्ह्यू कोणत्या नियमानं काढायचे किंवा ठेवायचे, हे त्यात आहे. मेख एवढीच की ते ऐच्छिक म्हणून आलं. ज्याचं दुकान ताऱ्यांवर चालतं तो आपखुशीनं तारे कमी करील, ही अपेक्षा भाबडी होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४ मध्ये खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं दोन्हीवर बंदी घातली, एकेका उल्लंघनाला ५१ हजार डॉलरहून अधिक दंड ठेवला. ब्रिटननंही २०२५ मध्ये तेच केलं.

आपल्याकडे सक्तीचा विषय काढला की पहिली ओरड होते लहान धंदेवाल्यांच्या नावानं. लालबागच्या मसालेवाल्याला आणखी एक फॉर्म भरायला लावणार का? मी म्हणतो, त्याला काहीच भरायला लावू नका. खोटे तारे त्यानं घडवले नाहीत, तो त्यांचं गिऱ्हाईक आहे, तेही बहुधा भीतीपोटी झालेलं. शेजारच्याचे चारशे तारे बघून त्याच्या पोटात गोळा येतो. ज्या एजन्सीनं दरपत्रकात 'रिव्ह्यू' अशी ओळ लिहून जीएसटी लावला, तिच्याविरुद्ध पुरावा तिनं स्वतःच छापून ठेवला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशी मोजकी दरपत्रकं जमा करून दंड केला तर बाजाराला निरोप पोचायला वेळ लागणार नाही.

प्लॅटफॉर्मचं म्हणणं वेगळं असतं. आम्ही नुसते मध्यस्थ, लिहिणारे लोक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आम्हाला संरक्षण देतं. एकेका रिव्ह्यूबद्दल हे मला मान्य आहे. पण दुकानाच्या नावासमोर '४.६' असा जो ठळक आकडा दिसतो तो कुठल्याही गिऱ्हाइकानं लिहिलेला नाही. तो प्लॅटफॉर्मनं काढला, प्लॅटफॉर्मनं दाखवला, आणि कोण वर कोण खाली हे ठरवताना वापरला. ते त्याचं स्वतःचं विधान आहे आणि त्याची जबाबदारी झटकता येऊ नये. शिवाय हा मध्यस्थ काही अगदी निरिच्छ नाही. शोधाच्या निकालात आपल्याच सेवांना झुकतं माप दिल्याबद्दल २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गुगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला होता. तारे आणि लिंकांवरचा लोकांचा विश्वास उडाला तर वर दिसण्याचा एकच भरवशाचा मार्ग उरतो, सरळ जाहिरात घेणं, आणि ती कोण विकतं हे सांगायला नको.

खरा कठीण आक्षेप दुसराच आहे. ओळख पडताळायला गेलात तर खरं बोलणारेही गप्प बसतील. गळक्या टॉवरबद्दल लिहिणारा सभासद, डॉक्टरच्या उद्धटपणाबद्दल लिहिणारी बाळंतीण, पगार बुडवणाऱ्या मालकाबद्दल लिहिणारा कामगार, यांना निनावी राहण्याची गरज असते. वकिलाची नोटीस आली की भलेभले रिव्ह्यू पुसून टाकतात. म्हणून आधार कार्ड मागणाऱ्या कुठल्याही योजनेला माझा विरोध राहील. नाव लपवून ठेवा, व्यवहार पडताळा. बिल, अपॉइंटमेंट, यूपीआयची पावती, यांपैकी काहीतरी फक्त प्लॅटफॉर्मला दाखवलं की रिव्ह्यूवर 'पडताळलेला' असा शिक्का. रोख पैशांवर चालणाऱ्या खानावळीत बिल नसतं, तिथं हे जमणार नाही, मान्य. तिथले रिव्ह्यू बिनशिक्क्याचे राहू देत. फक्त सरासरी काढताना दोन्हींची भेळ करू नका. दोन आकडे दाखवा, वाचणारा खुळा नाही.

आणि आता घाई करायला एक नवं कारण आहे. ऑगस्ट २०२४ पासून गुगल भारतात इंग्रजी आणि हिंदी शोधांवर कृत्रिम बुद्धिमत्तेनं लिहिलेला सारांश वरच्या वर दाखवू लागलं. लिंक निदान उघडून पाहता यायची, 'अ‍ॅडमिन'चं नाव दिसायचं, केसगळतीचे सात उपाय दिसायचे आणि शंका यायची. सारांशात तो सगळा गबाळेपणा धुऊन निघतो आणि उरतं एक गुळगुळीत वाक्य, की ग्राहक या दवाखान्याची स्वच्छतेसाठी प्रशंसा करतात. प्रशंसा करणाऱ्या ग्राहकांत त्या लोकलमधल्या मुलीचा समावेश होता का, हे त्या वाक्यावरून कळायला काही मार्ग नाही.

हे सगळं दिल्लीनं करायचं, आपण काय करणार, असं म्हणून हात झटकायची सोय मात्र महाराष्ट्राला नाही. तपासायला लागणारे क्रमांक इथे आधीच आहेत. हॉटेलाला अन्नसुरक्षेचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे. डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो, दुकानाला गुमास्ता नोंदणीचा, प्रकल्पाला आणि ब्रोकरलाही महारेराचा. धंद्याच्या प्रोफाइलवर ताऱ्यांच्या शेजारी हा क्रमांक दिसला आणि त्यावर बोट ठेवल्यावर सरकारी नोंद उघडली, तर १ कोटी २० लाख खोट्या प्रोफाइलांपैकी किती उभ्या राहतील, याचा ज्यानं त्यानं विचार करावा. गुगलनं तांत्रिक अडचणी सांगू नयेत. २०२२ मध्ये भारतात कर्ज, विमा, गुंतवणूक अशा आर्थिक सेवांच्या जाहिराती घेताना गुगलनं जाहिरातदाराकडे संबंधित नियामकाची परवानगी असल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली. नियामकांची मान्यता पाहून जाहिरात घेता येते, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिलेलं आहे. आता घरांसाठी तेच करा, महारेराचा क्रमांक पडताळल्याशिवाय प्रकल्पाच्या नावावर कुणाचीही जाहिरात घेऊ नका, एवढं एक पत्र महारेरानं गुगलला धाडायला हवं. टपालखर्चही फारसा येणार नाही, दोघांची मुंबईतली कार्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलातच आहेत.